राणीच्या बागेतले रातबगळे

भायखळा स्थानकावर उतरून पूर्वेकडे दहा मिनिटे चालले की राणीची बाग येते. कागदोपत्री तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे असले, तरी टॅक्सीवाल्याला आणि नातवंडांना घेऊन निघालेल्या आजीला ती राणीची बाग म्हणूनच ठाऊक आहे. फेब्रुवारी अखेरच्या या सकाळी फाटकातून आत येणारी बहुतेक कुटुंबे पेंग्विन आणि वाघ पाहण्यासाठी लगबगीने पुढे चालली आहेत. या चित्रफितीत आपल्याला मात्र आज कसलीही घाई नाही. आपण इथली फुले पाहणार आहोत, आणि ज्यांच्यासाठी पिंजरा नाही, माहितीची पाटी नाही, तरीही जे आपल्या मर्जीने इथे वस्तीला राहतात, ते पाणपक्षी पाहणार आहोत.

ही बाग मुळात झाडांसाठी जन्माला आली, हे आज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पश्चिम भारतातील कृषी व उद्यान संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या वनस्पतिप्रेमींच्या पुढाकाराने भायखळ्याची नवी बाग उभी राहिली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. शिवडीच्या जुन्या बागेच्या जागी पुढे दफनभूमी झाली. प्राणी इथे आले ते १८९० च्या सुमारास. म्हणजे वाघ-सिंहांच्या आधी जवळजवळ तीन दशके ही झाडे मुळे धरून होती. आज बागेत ३,००० हून अधिक झाडे आहेत आणि मुंबईतले हे सर्वांत जुने वनस्पती उद्यान आहे.

आता या झाडापाशी थांबू या. ही उर्वशी. तिचे मूळ घर म्यानमार. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांना एकोणिसाव्या शतकात साल्वीन नदीच्या परिसरातील एका मठाच्या बागेत हे झाड आढळले, आणि तिथल्या गुहांमधील बुद्धमूर्तींपुढे त्याच्या फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या त्यांनी पाहिल्या. तो फुलोरा पाहिला की त्या ओंजळींचे नवल वाटत नाही. हातभर लांबीचा लवचिक दांडा फांदीवरून खाली लोंबतो आणि त्यावर टोकाशी पिवळा ठिपका असलेल्या पाकळ्यांची लालभडक फुले अंतराअंतराने अशी लटकतात, की वाऱ्याची लहानशी झुळूक आली तरी सबंध झुंबर हलावे. शेजारची कोवळी पालवीही पाहण्याजोगी आहे. तांबूस, लुळी, जणू कोमेजून गेली आहे अशी ती खाली लोंबते; मग हळूहळू हिरवी होते आणि ताठ उभी राहते. या झाडाला बी क्वचितच धरते, त्यामुळे ते बहुधा गुटी कलम करून, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फुटू देऊन, वाढवावे लागते. अशा झाडाचे एकेक खोड किती मोलाचे असते, ते माळ्याला विचारावे.

पुढे वाटेत कैलासपती भेटतो. त्याची फुले शेंड्याला येत नाहीत, तर थेट खोडातून फुटलेल्या दोरखंडासारख्या डहाळ्यांवर येतात. फुलाच्या मध्यभागावर पुंकेसरांची वाकलेली फणा असते, आणि शिवलिंगावर नागाने छत्र धरावे तसे ते रूप दिसते, म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झाडाला आपल्याकडे हे नाव मिळाले. सकाळी बुंध्याशी पडलेला सडा उचलून नाकाशी धरा. तो सुगंध चित्रफितीतून पोहोचवता येत नाही, याची आम्हाला खंत आहे.

आता मान वर करा. या उंच, दाट झाडाखालची पायवाट पांढऱ्या शिंतोड्यांनी भरली आहे, उग्र मासळीचा वास येतो आहे आणि येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावून पुढे सरकत आहेत. तो वास म्हणजेच आपल्या शोधाचा पत्ता. पानांच्या सावलीत, मान खांद्यांत खुपसून, एका पायावर उभे असलेले ते राखाडी गोळे म्हणजे रातबगळे. डोके आणि पाठ काळीभोर, पंख राखी, डोळे माणकासारखे लाल, आणि मानेवरून पाठीवर रुळणारी दोन-तीन लांब पांढरी पिसे. शेजारचा ठिपकेदार तपकिरी पक्षी वेगळ्या जातीचा नाही. तो याच कुळातला तरुण आहे. मोठ्यांसारखा रंग अंगावर यायला त्याला दोन-तीन वर्षे लागतील.

पाणपक्षी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तळे उभे राहते. पण रातबगळ्याला पाणी लागते ते रात्री, पोट भरण्यासाठी. दिवसा त्याला हवे असते भरवशाचे झाड. पूर्वेला जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर बंदराचा किनारा आहे आणि त्याच बाजूला शिवडीची ती दलदल आहे, जिथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. चिखल आणि मासे तिकडे, झाडे इकडे, अशा दोन्हींच्या आधाराने रातबगळ्यांचा संसार चालतो. पावसाळ्यात याच फांद्यांवर काटक्यांची विरळ घरटी दिसू लागतात. तीन-चार फिकट निळसर-हिरवी अंडी, सुमारे तीन आठवडे नर-मादीने आळीपाळीने उबवायची, आणि मग अहोरात्र खा-खा करणारी पिल्ले. उडता येण्याआधीच ही पिल्ले घरट्यातून बाहेर पडून फांद्यांवर चढउतार करू लागतात, आणि नेमक्या याच दिवसांत शहरात कुठे फांद्यांवर कुऱ्हाड पडली, तर ती असहायपणे जमिनीवर कोसळतात. छाटणी करण्यापूर्वी एकदा वर पाहावे, एवढीच कळकळीची विनंती.

बागेत २०२० साली खुले झालेले मोठे पक्षिगृहही आहे. त्याच्या जाळीआड करकोचे आणि बगळे अगदी जवळून पाहता येतात आणि मुले तिथे हरखून जातात. आपण तिथून थोडक्यात पुढे जाऊ, कारण ऊन कलू लागले आहे आणि सीता अशोकाच्या केशरी गुच्छांवर शेवटचा उजेड आहे.

उद्यान बंद झाल्याची शिट्टी वाजते. बाहेर पदपथावर, भिंतीला टेकून, आणखी थोडा वेळ उभे राहू या. दिवे लागतात. रस्त्यावर गाड्यांचा कल्लोळ आहे. आणि त्या कल्लोळाच्या वरून एक घोगरा आवाज येतो, ‘वाक्’. एक रातबगळा झाडातून सुटतो, मागोमाग दुसरा, मग पाच-सहा, आणि रुंद पंखांच्या सावकाश झेपांनी ते पूर्वेकडे, खाडीच्या दिशेने निघून जातात.