मॅक वीसचे मास्तर

श्रोतेहो, नमस्कार.

मास्तर वर्गात शिरतात. त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो मुलगा हाळी देतो: उभे राहा, सावधान, नमस्कार! नमस्काराला कमरेत वाकायचं सोडून सगळा वर्ग बंदुका काढतो आणि मास्तरांवर छर्‍यांचा पाऊस पाडतो. मास्तर हजेरी घेतात. अगदी रीतसर, एकेक नाव पुकारून, छर्रे चुकवत चुकवत. मध्येच सांगतात, गोळीबारात ऐकू येत नाही, तेव्हा ‘हजर’ जरा मोठ्याने म्हणा. हजेरी संपते. गैरहजर कोणी नाही, नेम कोणाचा लागलेला नाही, आणि मास्तर दोन्ही गोष्टींवर खूश. मग मुलं केरसुण्या घेऊन जमिनीवरचे छर्रे गोळा करतात.

‘असॅसिनेशन क्लासरूम’ची ही सुरुवात. मूळ जपानी नाव ‘अन्सात्सु क्योशित्सु’. युसेई मात्सुई यांची ही चित्रकथा ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात जुलै २०१२ पासून मार्च २०१६ पर्यंत चालली: १८० प्रकरणं, २१ खंड. सेइजी किशी यांच्या दिग्दर्शनाखाली तिचं ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, झालं, २०१५ मध्ये २२ भाग आणि २०१६ मध्ये २५. आज बोलायचं आहे ते त्यातल्या मास्तरांबद्दल, कोरो-सेन्सेईंबद्दल. शाळेतल्या विनोदी ॲनिमेत विक्षिप्त मास्तर पैशाला पासरी मिळतात. पण ज्यांचा विक्षिप्तपणा काढून घेतला तर शिकवणंच बंद पडेल, असे थोडे. हे त्यातले.

आधी परिस्थिती समजून घेऊ. एक पिवळाधमक, शुंडकांचा प्राणी चंद्राचा ७० टक्के भाग उडवून देतो, त्यामुळे आकाशात कायमची कोर उरते. पुढच्या मार्चमध्ये पृथ्वीची पाळी, असं तो जाहीर करतो. तोवर मात्र त्याला एका शाळेत शिकवायचं आहे: कुनुगिगाओका माध्यमिक शाळेतली तिसर्‍या वर्षाची ‘ई’ तुकडी. सरकार नाइलाजाने कबूल होतं आणि गुपचूप मुलांच्या हाती सुरे-बंदुका देतं. मास्तरांना मारणार्‍याला बक्षीस १००० कोटी येन. सुरे रबरासारखे मऊ, माणसाला लागले तरी काही होत नाही. मास्तरांच्या पेशी मात्र त्यांनी विरघळतात. हा तपशील किरकोळ वाटतो, पण सगळा विनोद त्यावर उभा आहे. हत्यार मुलांना इजा करणारं असतं, तर पहिल्याच प्रसंगात हसू थिजलं असतं.

मार्च का, तर जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. म्हणजे पृथ्वीच्या विनाशाची तारीख आणि निरोपसमारंभाची तारीख जवळजवळ एकच. चित्रकथाही मार्चमध्येच संपवली गेली. आणखी एक गंमत मराठी श्रोत्याला चटकन कळेल. प्रत्येक प्रकरणाच्या नावात ‘जिकान’ हा शब्द असतो. इंग्रजीत त्याचा ‘टाइम’ झाला आणि शाळेचा वास उडून गेला. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, तास. हत्येचा तास, बेसबॉलचा तास, विषाचा तास. वेळापत्रकात लावलेले.

नावाचंही तसंच. जपानीत ‘कोरोसेनाई’ म्हणजे ज्याला मारता येत नाही असा. त्याला ‘सेन्सेई’, म्हणजे मास्तर, जोडला की कोरो-सेन्सेई. वर्गातली कायानो नावाची मुलगी हे बारसं करते. कुठल्याही भाषेत नेताना ही कोटी मरते. भाषांतरकारापुढे ती तशीच ठेवून खुलासा करण्याखेरीज वाट नाही. मराठीत करायचीच झाली तर ‘न-मरे मास्तर’ इतपत होईल, पण तोंडात बसत नाही.

आता चेहरा. गोल डोकं, दोन ठिपक्यांचे डोळे, कानापासून कानापर्यंत पसरलेलं हसू. लहान मूलही हा चेहरा पाटीवर काढील. पण हे हसू बहुतेक वेळ हलत नाही, मग भाव दाखवायचे कसे? रंगाने. समोरच्याला कमी लेखत असले की पिवळ्यावर हिरवे पट्टे. उत्तर चुकलं की जांभळा चेहरा आणि त्यावर फुली. बरोबर आलं की शेंदरी चेहरा आणि त्यावर गोल. आपल्या सवयीने हा गोल भोपळा वाटेल, पण जपानी मास्तर बरोबर उत्तराला गोलच काढतात, आणि आपली बरोबरची टिकमार्क तिथे उलट चुकीला वापरली जाते. खरा संताप आला की काळा. हिरवे पट्टे विशेष लक्षात ठेवा. ते दिसले की मास्तर गाफील आहेत, आणि दोन मिनिटांत तोंडावर आपटणार.

आणि हेच या पात्राच्या घडणीचं मर्म आहे. मास्तरांचा वेग मॅक २०, म्हणजे ताशी २४ हजार किलोमीटरच्या घरात. जेवणाच्या सुट्टीत मापो तोफू खायला ते चीनच्या सिचुआनला जाऊन येतात. एवढी ताकद असलेलं पात्र विनोदाला फार अवघड असतं, कारण त्याचं काही बिघडतच नाही. मात्सुईंनी त्यावर उतारा म्हणून क्षुद्र दुर्गुण दिले. नागिसा नावाचा शांत मुलगा वहीत मास्तरांचे कच्चे दुवे टिपून ठेवतो. रुबाब करायला गेले की पितळ उघडं पडतं. अनपेक्षित काही झालं की लगेच गडबडतात. मन कोतं आहे. उशी बदलली की झोप येत नाही. स्वतः ध्वनीच्या वीसपट धावणारा हा प्राणी क्योतोच्या सहलीला निघाल्यावर बुलेट ट्रेनमध्ये गाडी लागून हैराण होतो. त्याच सहलीसाठी त्यांनी मुलांना स्वतः तयार केलेली मार्गदर्शिका वाटली आहे, शब्दकोशासारखी जाड, उचलताना हात भरून यावा अशी. पगार होण्याआधीचे दिवस तर विचारूच नका. देवासारखी ताकद आणि महिनाअखेरची चणचण, दोन्ही एकाच अंगात.

पण नुसती वैगुण्यं जोडून विक्षिप्त मास्तर होत नाही, विदूषक होतो. नक्कल करणारे इथेच फसतात. कोरो-सेन्सेईंच्या बाबतीत प्रत्येक विचित्र गोष्ट शिकवण्याच्या कामाला जुंपलेली आहे. वेगच घ्या. परीक्षा जवळ आली की ते इतक्या वेगाने जागा बदलतात की एकाच वेळी प्रत्येक मुलासमोर एकेक मास्तर दिसतो. प्रत्येकाच्या कपाळाला पट्टी, पट्टीवर त्या मुलाच्या कच्च्या विषयाचं नाव. कोणी विचारतं, एवढं करून दमत नाही का? मास्तर म्हणतात, काळजी नको, एक जण बाहेर विश्रांती घेतोय. त्याने उलट जास्त दमायला होईल, हे वर्गातल्या मुलांनाही कळतं. तेवढ्यात कार्मा नावाचा मुलगा सुरा खुपसतो आणि वर्गभरचे सगळे मास्तर एकदम वाकडे-तिकडे होतात. विनोद आहे, पण ही शिकवणी खासगीच आहे, प्रत्येकाला वेगळी.

विषाचा तास मला सर्वांत चोख वाटतो. ओकुदा ही रसायनशास्त्रात हुशार, बोलण्यात भाबडी मुलगी. ती तीन बाटल्या पुढे करून सांगते, हे विष आहे, कृपया प्या. मास्तर पितात. सोडियम हायड्रॉक्साइडने डोक्याला शिंगं फुटतात, थॅलियम ॲसिटेटने पंख, आणि अम्लराजाने चेहर्‍यावरचं ते अढळ हसू पुसलं जाऊन सपाट चेहरा उरतो. तिसरा परिणाम सर्वांत सौम्य आणि सर्वांत हास्यास्पद, म्हणून शेवटी. मग मास्तर तिला स्वतःच कृती देतात की याहून जालीम विष असं बनव. ती घरी खपून ते बनवून आणते, मास्तर पितात, आणि कळतं की ते विष नव्हतंच, त्यांच्या पेशींना जोम देणारं औषध होतं. ते पिऊन मास्तरांचं पातळ, चकचकीत द्रव रूप होतं आणि वेग आणखी वाढतो. ओकुदा म्हणते, तुम्ही फसवलंत. मास्तर म्हणतात, मारायचं असेल तर फसवता आलं पाहिजे, आणि फसवायला भाषा लागते. भाषा विषयात काठावर असलेल्या मुलीला भाषेची गरज पटवायची याहून सरळ वाट कोणती? उपदेशाचा एक शब्द नाही, आणि तिचा अपमानही नाही.

कार्माचं उलटं. तो निलंबनातून परतलेला, हुशार आणि मास्तर या जमातीवर चिडलेला. हाताला सुर्‍याचे तुकडे चिकटवून हस्तांदोलन करतो आणि मास्तरांचं पहिलं शुंडक घालवतो. टेबलावर सुरा खुपसलेला ऑक्टोपस ठेवतो. मास्तर रागावत नाहीत. त्या ऑक्टोपसचे जागच्या जागी ताकोयाकी, म्हणजे जपानी आप्पेच म्हणा, तळून त्याच्या तोंडात कोंबतात: सकाळी न्याहारी केलेली दिसत नाही. पुढचा प्रत्येक हल्ला असाच उलटतो. एकदा नखं रंगवली जातात, एकदा अंगात फुलाफुलांचा ॲप्रन चढतो. शिक्षा म्हणून मारणं नाही, ‘देखभाल’ करणं. शेवटी कार्मा कड्यावरून उडी घेतो. वाचवायला आलात तर मराल, नाही वाचवलं तर मास्तर म्हणून मेलात, असा त्याचा पेच. मास्तर शुंडकांचं चिकट जाळं विणून त्याला अलगद झेलतात, वेगाने नव्हे, कारण त्या वेगाने मुलाचं शरीर टिकलं नसतं. आणि सांगतात की विद्यार्थ्याला टाकून देणं हा पर्याय त्यांच्याकडे नाही.

तरीही हे मास्तर गोड आहेत असं समजू नका. वर्गातला तेरासाका नावाचा मुलगा नागिसाच्या गळ्यात छर्‍यांचा बाँब बांधून त्याला मास्तरांजवळ पाठवतो, तेव्हा मास्तर टाकलेल्या कातेने नागिसाला वाचवतात आणि पहिल्यांदा काळे पडतात. क्षणात दिसेनासे होऊन परततात तेव्हा शुंडकांत सगळ्या मुलांच्या घरांच्या दारावरच्या नावाच्या पाट्या असतात. तुम्हाला काही करणार नाही, पण घरच्यांची हमी देत नाही. त्याच दमात नागिसाच्या दबकत येण्याला पैकीच्या पैकी गुण, आणि स्वतःचा जीव कवडीमोल मानल्याबद्दल कानउघाडणी. धमकी, शाबासकी आणि दुरुस्ती एका श्वासात. भीती आणि हसू एकत्र ठेवणं अवघड असतं. इथे जमलं आहे ते मास्तर कधी थांबतील हे त्यांच्याच नियमांनी ठरलं आहे म्हणून.

समोर शाळेचे अध्यक्ष गाकुहो आसानो आहेत. रुबिकचं घन पटकन सोडवायचं कसं? पेचकसाने फोडून पुन्हा जोडायचं, हे त्यांचं उत्तर. त्यांची पद्धत अशी: ५ टक्के मुलांना उपेक्षित ठेवा, म्हणजे त्यांच्यासारखं होण्याच्या धास्तीने उरलेली ९५ टक्के घासतील. ‘ई’ तुकडीची इमारत म्हणूनच डोंगरावर, मुख्य शाळेपासून एक किलोमीटरवर. वर्षाच्या १८६ मुलांत पहिल्या पन्नासांत आलात आणि जुन्या वर्गशिक्षकांनी होकार दिला, तरच परत. कोरो-सेन्सेई सगळ्यांना पन्नासांत आणायची प्रतिज्ञा करतात आणि सपशेल हरतात, कारण परीक्षेच्या दोन दिवस आधी अभ्यासक्रमच बदलला जातो. ‘ई’ तुकडीला तो निरोप कोणी देत नाही. एकटा कार्मा चौथा येतो. त्याला मास्तरांनी पुढचं शिकवून ठेवलं होतं. हरलेला मास्तर फळ्याकडे तोंड करून उभा, हा प्रसंग विनोदी मालिकेत विरळा.

पुढच्या सत्रअखेरीस मास्तर पैज लावतात: प्रमुख पाच विषयांत पहिला येणार्‍याला माझं एकेक शुंडक तोडू देईन, आणि एक शुंडक गेलं की माझी हालचाल मंदावते. मुलं इंग्रजी, समाजशास्त्र, विज्ञान मारतात. तीन शुंडकं. तेवढ्यात तेरासाकाचं टोळकं गृहविज्ञानाच्या चार उत्तरपत्रिका टेबलावर टाकतं, चारही पैकीच्या पैकी. कोणते पाच विषय हे तुम्ही कुठे सांगितलं होतं? मास्तरांची बोबडी वळते, गृहविज्ञान म्हणजे काय प्रमुख विषय आहे का... कार्मा म्हणतो, नुसतं ‘काय’ कसं म्हणता, सर्वांत श्रेष्ठ विषय. सगळा वर्ग उचलून धरतो. एकूण सात. मास्तरांनीच शिकवलेली फसवाफसवी मास्तरांवर उलटली, म्हणून यात अवमान नाही, फळ आहे.

याच परंपरेत तोरु फुजिसावांचा ओनिझुका आहे, ‘जीटीओ’ या चित्रकथेतला. तो वर्गातल्या एका मुलीच्या घरी जाऊन खोलीची भिंत घणाने फोडतो, कारण श्रीमंती आल्यापासून आई-वडील आणि मुलगी त्या भिंतीच्या दोन बाजूंना गेले होते. कोजी कुमेतांच्या ‘सायोनारा झेत्सुबो-सेन्सेई’मधले इतोशिकी नोझोमु मास्तर मुळी शिकवतच नाहीत. त्यांचं नाव आडवं, अक्षरं अगदी खेटून लिहिलं की ‘निराशा’ असं वाचलं जातं, आणि डॉक्टर भावाचं नाव तसंच लिहिलं की ‘जीव गेला’, मग दवाखान्यात कोण येणार? ओनिझुका धडपडतो, इतोशिकी कुरकुरतात. पण उत्तरपत्रिका तपासताना हसवतात ते फक्त कोरो-सेन्सेई.

पाहायचं असेल तर मूळ जपानी आवाजात पाहा, खाली ओळी वाचत. जुन फुकुयामा यांचा आवाज, आणि ते ‘नुरुफुफुफु’ हसणं, दुसर्‍या भाषेत पातळ होतं. पहिले तीन भाग सलग घ्या, हजेरी, बेसबॉल आणि कार्मा, म्हणजे मास्तरांच्या तिन्ही तर्‍हा कळतात. नागिसाची वही पडद्यावर क्षणभरच येते, तिथे थांबवून वाचा. पहिल्या मालिकेवर सोडू नका, खुलासे सगळे दुसरीत आहेत. आणि अगदी शेवटी पुन्हा एकदा हजेरी आहे. तीच नावं, तोच क्रम, यावेळी बंदुकीचा आवाज नाही.

नमस्कार.