एका भाकरीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. मी आहारतज्ज्ञ आहे. टाइप वन मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात आणि हल्ली खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतात, "मॅडम, भात-पोळी बंदच करून टाकली तर?"

प्रश्न वेडगळ नाही. रक्तातली साखर चढते ती मुख्यतः भात-पोळीतल्या कर्बोदकांनी. 2018 साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात अगदी कमी कर्बोदकं खाणाऱ्या टाइप वनच्या 316 जणांची पाहणी छापून आली. त्यांत मुलंही होती. दिवसाला सरासरी 36 ग्रॅम कर्बोदकं आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, सरासरी 5.67 टक्के, मधुमेह नसलेल्या माणसासारखी. आकडा पाहून मीही चष्मा पुसला. पण ही मंडळी आपणहून पुढे आलेली, हा आहार जमलेली. ज्यांनी तो अर्ध्यावर सोडला, त्यांची नोंद तिथे कुठून येणार?

आणि 36 ग्रॅम म्हणजे किती? 50 ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी. अख्ख्या दिवसात एवढंच. मग दूध, वरण, केळं काही नको.

इन्सुलिन नव्हतं तेव्हा डॉक्टरांच्या हाती हाच उपाय होता. अमेरिकेतली एलिझाबेथ ह्यूज अकराव्या वर्षी याच मधुमेहानं आजारी पडली. डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांच्या उपासमारीच्या आहारावर ती तीन वर्षं तगली. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर वजन उरलं होतं जेमतेम 20 किलो. ऑगस्ट 1922 मध्ये टोरांटोला इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक, डॉ. बँटिंग यांनी तिला इन्सुलिन सुरू केलं. पोरगी पुन्हा पोटभर जेवू लागली, आणि पुढे 73 वर्षांपर्यंत जगली. म्हणून मी म्हणते, मूल जेवेल तसं इन्सुलिन बसवायचं. इन्सुलिन वाचवायला मुलाचं ताट रिकामं करायचं नाही.

आता गैरसमजाचं एक. कर्बोदकं कमी केली म्हणजे इन्सुलिन बंद, असं मुळीच नाही. नुसतं पनीर-अंडं खाल्लं तरी काही तासांनी साखर वर सरकते. इन्सुलिन तोडलं तर कीटोअ‍ॅसिडोसिस होतो, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. शिवाय कर्बोदकं फार कमी असली की रक्तात कीटोन एरवीही असतात. मग ताप-उलटीच्या दिवशी नेहमीचे कीटोन कोणते आणि धोक्याचे कोणते, हे ओळखणं अवघड जातं. मूल वाढीचं आहे, उंची-वजन दर तीन महिन्यांनी मोजायला हवं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना साधारण 40 ते 50 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घ्या म्हणतात. साखर, मैदा, बिस्किटं खुशाल कमी करा, त्याला माझी ना नाही. पण कर्बोदकं 40 टक्क्यांहून खाली न्यायची असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. डोस त्यांनीच ठरवायचा.

माझ्याकडच्या एका घरात ओट्यावर छोटा वजनकाटा असतो. फ्रीजवर कर्बोदकांची चिठ्ठी: फुलका 15 ग्रॅम, शिजलेला भात 100 ग्रॅमला 28. मुलगा दहा वर्षांचा. साखर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घेतो आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचतो, आई घरी असो-नसो. परवा ती भाकरी तोलत होती, तर हा दप्तर पाठीला लावता लावता म्हणाला, "आई, आज दीड वाढ. संध्याकाळी खो-खो आहे."