मिलवर्मचा ट्रे: अळी, कोष, भुंगेरा आणि परत अळी

हा ट्रे बघितला तर वाटेल नुसता गव्हाचा कोंडा भरून ठेवलाय, पण जरा कान जवळ न्या, बारीक खसखस येते की नाही? शेकडो अळ्या आहेत आत, आणि सगळ्या खातायत.

या मिलवर्म, नावात वर्म असलं तरी गांडुळाशी काही संबंध नाही बरं का. ही भुंगेऱ्याची अळी, शास्त्रीय नाव टेनेब्रिओ मॉलिटर, सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्येच देऊन ठेवलेलं. मॉलिटर म्हणजे लॅटिनमध्ये गिरणीवाला, आता पिठात राहणाऱ्याला दुसरं काय म्हणणार!

पाळायला लागतं काय, तर गुळगुळीत बाजूंचा प्लॅस्टिकचा डबा, त्यावर त्यांना चढता येत नाही, आत चार-पाच सेंटीमीटर कोंडा, आणि पाण्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची चकती. पाण्याची वाटी ठेवायची नाही, अळ्या बुडतात आणि कोंडा ओला झाला की बुरशी आलीच. चकतीसुद्धा मऊ पडायच्या आधी बदला.

२५ ते २८ अंशात अळी मस्त वाढते. कातडी ताणली जात नाही, त्यामुळे वाढायचं तर दर वेळी कात टाकावी लागते, आणि नुकतीच कात टाकलेली अळी अगदी दुधासारखी पांढरी दिसते, बरेच जण ती आजारी समजून काढून टाकतात. अडीच-तीन सेंटीमीटरची झाली की एक दिवस ती कोषात जाते. कोष खात नाही, चालत नाही, बोट लावलं तर फक्त शेपटाकडची बाजू वळवळते. त्याला पळता येत नाही आणि इथेच गडबड होते, भुकेल्या अळ्या आणि भुंगेरे त्याला सरळ कुरतडून खातात. म्हणून कोष दिसला की वेचून वेगळ्या डब्यात ठेवायचा. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण याला शॉर्टकट नाही.

एक ते तीन आठवड्यांत कोषातून भुंगेरा निघतो, आधी पांढरट, मग तपकिरी, आणि थोड्या दिवसांत काळा. पंख असतात पण उडण्याची हौस फारशी नाही. मादी आयुष्यात काही शे अंडी घालते, अंडी चिकट असल्यामुळे त्यांना कोंडा चिकटतो आणि ती डोळ्याला दिसतच नाहीत. हेच भुंगेरे स्वतःची अंडीही खातात, त्यामुळे दर एक-दोन आठवड्यांनी त्यांना चाळून नव्या ट्रेमध्ये हलवायचं. चाळताना तोंडाला मास्क लावा, या धुळीची ॲलर्जी होऊ शकते. आणि चाळणी जरा मोठ्या भोकांची घ्या, भुंगेरे वर राहिले पाहिजेत आणि अंड्यांसकट कोंडा खाली पडला पाहिजे.

आता तो जुना ट्रे. त्यात काहीच दिसत नाही, ना भुंगेरा ना अळी, आणि मी पहिल्यांदा नेमका तोच रिकामा म्हणून कुंडीत ओतला होता! अंडी फुटायला आठवडा-दोन आठवडे सहज जातात, आणि निघालेली अळी केसाएवढी, ती दिसायला अजून काही दिवस. आता प्रत्येक ट्रेवर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो आणि महिनाभर हात लावत नाही, फक्त गाजराची पातळ चकती टाकतो.

हा बघा, तेवीस दिवसांचा ट्रे. चकती उचलतोय... खालचा कोंडा हलतोय, दिसतंय?