भूल चढण्याआधीचं एक मिनिट

[दृश्य : खिडकीपाशी बसून एक वयस्कर बाई लसूण सोलते आहे. कॅमेरा तिच्या डाव्या हातावर.]

हा माझ्या आईचा हात.

काही वर्षांपूर्वी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पोटाला चार छिद्रं पाडली, खडे निघाले, आई सुखरूप घरी आली. पण त्या ऑपरेशनबद्दल कुणी विचारलं की ती पोटाचं सांगत नाही, हाताचं सांगते. "सलाईनच्या नळीतून काहीतरी पांढरं सोडलं आणि मनगटापासून वर नुसती आग. तापल्या तव्यावर हात ठेवावा तशी. ओरडायला तोंड उघडलं, आणि पुढचं काही आठवत नाही."

सुई नीट लागली नसेल, असंच मी बरेच दिवस धरून चालले होते. मग शेजारच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तेही म्हणाले, हात पेटला होता. माझी भावजयही तेच म्हणाली. तिघांची हॉस्पिटलं वेगळी, डॉक्टर वेगळे, आणि तक्रार एकच.

[दृश्य : काचेची छोटी बाटली. सिरिंजमध्ये ओढलं जाणारं दुधासारखं औषध.]

ते पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. पूर्ण भूल देताना रुग्णाला झोपवण्यासाठी आज जगभर हेच सगळ्यात जास्त वापरतात. 1973 च्या सुमारास इंग्लंडमधल्या आयसीआय या रसायन कंपनीत इयन ग्लेन या स्कॉटिश पशुवैद्यकाने त्याचे गुण पहिल्यांदा उंदरांवर तपासले. झोप झटकन लागत होती आणि जागही स्वच्छ येत होती. अडचण एकच होती, औषध पाण्यात विरघळत नव्हतं. 1977 मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात मिसळलेलं होतं. काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी आली आणि ते रूप मागे घ्यावं लागलं. ग्लेन यांनी औषध सोडलं नाही. सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन घेऊन त्याचं नवं मिश्रण तयार झालं आणि 1986 मध्ये ते बाजारात आलं. दुधासारखा रंग त्या तेलाच्या बारीक थेंबांचा. या कामासाठी ग्लेन यांना 2018 मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

इतकं सगळं जमलं, पण आग राहिलीच.

प्रोपोफॉल हे फिनॉल या झोंबणाऱ्या रसायनाच्या कुळातलं. बरंचसं औषध तेलाच्या थेंबांत अडकून असतं, पण थोडा भाग पाण्यात मोकळा राहतो आणि तोच शिरेच्या आतल्या भिंतीला झोंबतो. फेसलेली मोहरी नाकात गेली की जी झणझण उठते, ती ओळखणारा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आपल्या चेतातंतूंवर असतो. प्रोपोफॉल नेमकं त्यालाच चेतवतं. ही झाली पहिली आग. काही सेकंदांनी दुसरी येते, त्या वेळी शिरेत ब्रॅडिकायनिन नावाचं वेदना वाढवणारं द्रव्य तयार होऊ लागतं. तोवर बहुतेकांना झोप लागलेली असते. बहुतेकांना, सगळ्यांना नाही.

2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 177 चाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचवीस हजारांहून जास्त रुग्ण. काहीही उपाय न करता औषध दिलं तर दहांतल्या साधारण सहा जणांना दुखतं, असं त्यात दिसलं. म्हणजे आईची शीर नाजूक नव्हती आणि सुईही चुकली नव्हती.

[दृश्य : हाताच्या मागच्या बाजूच्या निळ्या शिरा. मग कोपराच्या आतली शीर.]

उपाय काय, हेही त्याच अभ्यासात आहे. सगळ्यात परिणामकारक उपायाला औषध लागतच नाही. सुई पंजाच्या मागे न लावता कोपराच्या खळग्यातल्या मोठ्या शिरेत लावायची. तिथे रक्ताचा ओघ जोरात असतो, औषध लगेच पातळ होतं आणि भिंतीला कमी लागतं. दुखण्याची शक्यता साधारण सातव्या हिश्श्यावर येते.

मग सगळेच कोपरात सुई का लावत नाहीत? कारणं खरी आहेत. हात वाकला की सलाईन अडतं. औषध शिरेबाहेर झिरपू लागलं तर ते पंजावर पटकन दिसतं, कोपरात उशिरा कळतं. त्यामुळे बहुतेक वेळा पंजाचीच शीर धरली जाते.

पंजाच्या शिरेसाठी दुसरा उपाय आहे, आणि या फिल्ममध्ये मला मुख्यतः तोच दाखवायचा आहे.

[दृश्य : हातावर बांधला जाणारा रबरी पट्टा. आवाज बंद. फक्त घड्याळाचा सेकंदकाटा.]

हातावर रबरी पट्टा आवळायचा. लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना हिरडीत देतात तेच, पण शिरेत देण्यासाठी तयार केलेलं, थोड्या प्रमाणात सुईतून सोडायचं. पट्ट्यामुळे ते पुढे वाहून जात नाही, तिथेच थांबतं आणि शिरेला आतून बधिर करतं. मिनिटभर थांबायचं. पट्टा सोडायचा, आणि मग प्रोपोफॉल. ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जननी 1908 मध्ये पट्ट्यांनी बांधलेला हात शिरेतून औषध देऊन बधिर केला होता. ही युक्ती त्याच वाटेवरची.

काही भूलतज्ज्ञ पट्टा न बांधता लिग्नोकेन प्रोपोफॉलमध्येच मिसळतात. वीस मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम, तेही देण्याच्या अगदी आधी. जास्त घातलं किंवा मिश्रण ठेवून दिलं, तर तेलाचे थेंब एकमेकांत मिसळायला लागतात. सोयाबीनच्या तेलात दुसऱ्या प्रकारचं, मध्यम साखळीचं तेल मिसळलेलं प्रोपोफॉलही मिळतं. त्यात मोकळं औषध कमी असल्यामुळे आगही कमी होते. हृदयाच्या ठोक्यांचे काही विकार असतील किंवा लिग्नोकेनची ॲलर्जी असेल तर लिग्नोकेन टाळतात. म्हणून निवड भूलतज्ज्ञांचीच.

पण ते एक मिनिट काढलं जातं का? कितीतरी भूलतज्ज्ञ ते आवर्जून काढतात. तरी ऑपरेशनांची यादी लांबलेली असते, पुढचा पेशंट बाहेर स्ट्रेचरवर असतो, आणि दुखणं दहा-पंधरा सेकंदांचंच, असं मनात येतं. मला हे पटत नाही. भीतीने गारठलेल्या माणसाला शुद्धीतलं शेवटचं आठवतं ते हेच असेल, तर ते सेकंद मोजायचे कसे?

[दृश्य : ऑपरेशन टेबल. हिरव्या कापडाखालून दिसणारा एक हात.]

एक गोष्ट मला पाहावली नाही. झोप लागल्यावर स्नायू सैल करायला रोक्युरोनियम देतात. ते आम्लधर्मी, सामू साधारण चार. ते शिरेत जातं तेव्हा पुरता झोपलेला माणूस हात झटकन मागे ओढतो. मुलांमध्ये तर हे फार दिसतं. त्याला कळत नसतं, पण हाताला कळतं. लिग्नोकेन आधी दिलं किंवा औषध पातळ करून दिलं तर हे कमी होतं.

[दृश्य : रात्रीचा वॉर्ड. सलाईनची बाटली.]

ऑपरेशननंतर वॉर्डात आणखी एक आग भेटते, पोटॅशियमची. तोंडाने खाणं-पिणं बंद असताना ते कमी झालं तर सलाईनमध्ये मिसळून द्यावं लागतं. थेट शिरेत जोरात दिलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून नेहमी पातळ करूनच. पण सलाईनचा वेग जास्त असला किंवा शीर बारीक असली की हात ठणकायला लागतो. वेग कमी करणं, बाटलीतलं प्रमाण कमी करणं, मोठी शीर धरणं, एवढ्याने खूप फरक पडतो.

आणि रात्री दोन वाजता पेशंट काय करतो? गप्प राहतो. सिस्टरांना कशाला त्रास द्यायचा, थोडं तर सहन करायलाच हवं, म्हणतो. इथे मात्र गप्प राहू नका. सुईभोवती सूज आली, जागा लाल किंवा थंड पडली, दुखणं वाढत गेलं, तर औषध शिरेबाहेर चाललेलं असू शकतं. बेल वाजवा. बेल नसेल तर जवळच्या माणसाला पाठवा. मावशी दिसल्या तर मावशींना सांगा.

[दृश्य : पुन्हा आईचा हात. आता त्यावर सुई, सुईला चिकटपट्टी.]

यंदा आईची थायरॉइडची गाठ काढायची ठरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या. आईने दम्याचं सांगितलं, दातांच्या कवळीचं सांगितलं, आणि मग हात पुढे करून म्हणाली, "मागच्या वेळी हा हात जळाला होता हो." मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधला. मॅडम आईला गावाकडचं विचारत होत्या, आई आंब्याच्या झाडाबद्दल सांगत होती. पट्टा सोडला. पांढरं औषध नळीतून हळूहळू पुढे सरकलं.

"आजी, हातात काही होतंय?"

"गार लागतंय," आई म्हणाली. आणि झाडाचं राहिलेलं सांगता सांगता तिचे डोळे मिटले. बोटं होती तशीच होती.