टेबलाभोवती

संगमरवराचं हे टेबल नीट बघा. मधोमध भोक आहे, रक्त आणि पाणी खाली वाहून जावं म्हणून. आणि टेबल फिरतं. कुठल्याही पायरीवर बसलेल्या विद्यार्थ्याला मृतदेहाची प्रत्येक बाजू दिसावी, यासाठी.

हे स्पेनमधलं बार्सिलोना, राव्हाल वस्ती. शस्त्रक्रिया महाविद्यालयाचं हे शवविच्छेदनगृह. वर त्या जाळ्या दिसतात? त्यांच्याआड बसून, स्वतः न दिसता, खालचं काम बघता यायचं.

महाविद्यालय निघालं १७६० मध्ये, पेरे व्हिर्जिली यांच्या पुढाकाराने. त्या काळचा विद्यापीठातला वैद्य लॅटिन बोलायचा, नाडी बघायचा, औषध लिहून द्यायचा. हातात सुरी धरणारा त्याच्या खालचा, न्हाव्याच्या पंगतीतला. इथे शिकवणं सुरू झालं ते स्पॅनिशमध्ये, आणि टेबलापाशी उभं राहून. आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते.

या टेबलाभोवती शरीररचना शिकवणारे प्राध्यापक होते आंतोनी द जिम्बेर्नात. जन्म १७३४, तारागोनाजवळच्या कांब्रिल्स गावी. शिक्षण काडिसला, नौदलाचे शल्यचिकित्सक घडवणाऱ्या महाविद्यालयात.

(दृश्य: हातमोजे घातलेली बोटं जांघेच्या शारीर प्रतिकृतीवर.)

आता या बोटांकडे लक्ष द्या. इथे, जांघेच्या वरच्या टोकाला, एक अरुंद वाट आहे. कधी कधी आतडं त्या वाटेने खाली उतरतं आणि अडकतं. हा हर्नियाचा एक प्रकार, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळणारा. आतडं आवळलं गेलं की रक्त पोचत नाही आणि ते सडू लागतं. ते सोडवायला शल्यचिकित्सक पातं वरच्या बाजूला चालवायचे. पण तिथून जवळच एक मोठी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी नळी, जाते. ती कापली गेली की रोगी हातचा गेला.

जिम्बेर्नात यांनी ही वाट मृतदेहांवर पुन्हा पुन्हा चाचपली. बोट आत घालून बघितलं, की आवळतंय नेमकं कोण. आतल्या अंगाला त्यांना चंद्रकोरीसारख्या काठाचा एक बारीक, ताठ बंध लागला. तोच आतड्याला धरून बसलेला. मग छेद तिथेच द्यायचा, वर नाही. बस, एवढंच. पण एवढं कळायला किती तास या टेबलाशी वाकून उभं राहावं लागलं असेल.

(दृश्य: जुन्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, मग पान उलटणारा हात.)

हे जिम्बेर्नात यांचं या पद्धतीवरचं १७९३ चं पुस्तक. त्याच्या बरीच वर्षं आधी स्पेनच्या राजाने त्यांना पॅरिस, लंडन, एडिंबरा आणि लायडनला पाठवलं होतं. २५ एप्रिल १७७७ ला लंडनमध्ये नामांकित शल्यचिकित्सक जॉन हंटर यांचं हर्नियावरचं व्याख्यान संपल्यावर त्यांनी परवानगी मागितली आणि मृतदेहावर आपली पद्धत करून दाखवली. हंटर यांनी ती तिथल्या तिथे मान्य केली. १७९५ मध्ये पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघाला. आपल्याकडे मुंबई-पुण्यात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकताना ज्याला ‘गिंबरनॅट्स लिगामेंट’ म्हणतात, तो हाच बंध, जिम्बेर्नात यांच्याच नावाचा. काही जणांत त्याच्या कडेनेही एक रोहिणी जाते आणि तीही कापली जाऊ शकते, हे पुढे लक्षात आलं.

माद्रिद. १७८७ मध्ये इथे सान कार्लोस हे शस्त्रक्रिया महाविद्यालय सुरू झालं, मुख्य रुग्णालयाच्या तळघरात. सहकारी मारियानो रिबास यांच्यासोबत ते उभं केलं जिम्बेर्नात यांनीच. बाळंतपणाचा विषय इथे शल्यचिकित्सकांच्या शिक्षणात आला. पण अडलेलं बाळंतपण वर्गात दाखवायचं कसं? मृतदेह टिकत नाही. मग मेण आलं. विच्छेदन करायचे इग्नासियो लाकाबा. त्यावरून मेणात घडवायचे शिल्पकार हुआन चाएस आणि इटालियन कारागीर लुइजी फ्रांचेस्की.

माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठाच्या संग्रहालयात या मूर्ती आजही आहेत. पायाळू बाळ. आडवं आलेलं बाळ. आणि ही, पूर्ण दिवस भरलेली बाई, खऱ्या माणसाएवढी. पोट उघडं, आत बाळ.

(दृश्य: मूर्तीचा चेहरा. वीस सेकंद निवेदन नाही.)

नेपोलियनच्या स्पेनवरच्या स्वारीनंतर जिम्बेर्नात यांची पदं गेली, मोतीबिंदूने डोळे अधू झाले. १८१६ मध्ये माद्रिदला हलाखीत त्यांचं निधन झालं.

(दृश्य: पुन्हा बार्सिलोना. रिकाम्या दगडी पायऱ्या.)

या सभागृहाला आता त्यांचं नाव आहे. सकाळी खिडक्या उघडल्या की पहिलं ऊन पडतं ते टेबलावर.