चेहऱ्यावरची सांध

नमस्कार. आज आपण 'कॉरलाइन' बघायला जमलोय. आत्ता बाहेर चहा घेताना दोन-तीन जणांची चांगलीच जुंपली होती, 'कॉरलाइन' भारी की 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स' भारी, दोन्ही 2009 चेच, दोन्ही बाहुल्यांचे स्टॉप मोशन पिक्चर, आणि मध्येच कुणीतरी 'चिकन रन' काढला, मग तर आवाज आणखीच चढले. मला ही भांडणं मनापासून आवडतात. पण इतकी वर्षं अशा चर्चेत बसून मला वाटायला लागलंय की आपण गोष्टीवर, गाण्यांवर, व्हिलनवर कितीही बोललो तरी आपली आवड बरेचदा दुसरीकडेच ठरलेली असते. बाहुलीवर माणसाचा हात फिरलाय हे आपल्याला दिसलेलं आवडतं की नाही, तिथे. म्हणून आज मी नंबर लावणार नाही, बाहुलीच्या चेहऱ्यावरच्या सांधीबद्दल, म्हणजे जोडाच्या रेघेबद्दल बोलणार आहे.

ज्यांनी स्टॉप मोशन कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. बाहुली ठेवायची, फोटो काढायचा, जराशी हलवायची, परत फोटो. सेकंदाला 24 फ्रेम. एक पोझ दोन फ्रेम धरली तर सेकंदाला 12 पोझ होतात, आणि दीड तासाच्या पिक्चरला त्या होतात 64,800, त्यासुद्धा एकाच बाहुलीच्या, आणि एकेका सीनमध्ये पाच-पाच बाहुल्या असतात. मागे आमच्याकडे गणपतीची मूर्ती करून शाडू उरली होती, मी आणि माझ्या भाचीनं तिचा हत्ती केला आणि फोन टेबलाला चिकटवून बसलो शूट करायला. 40 पोझ झाल्या, म्हणजे पडद्यावर साडेतीन सेकंदसुद्धा नाहीत, आणि सोंडेला भेगा पडायला लागल्या, पाणी लावलं तर तेवढाच भाग गडद दिसायला लागला, क्लिपमध्ये तो हत्ती बघता बघता म्हातारा होतो. भाचीला तेच फार आवडलं. मला मात्र त्या दिवशी नीट कळलं की 'वॉलेस अँड ग्रॉमिट' करणारे आर्डमन स्टुडिओचे लोक प्लॅस्टिसिन नावाची माती का वापरतात, त्यात तेल असतं, ती वाळत नाही.

आणि हा चिवटपणा आपल्याला नवीन नाही हो. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर कॅमेरा लावून तो उगवताना टिपला, फिल्म झाली जेमतेम मिनिटभराची. पुढे 1915 मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, काड्यापेटीतल्या काड्या फ्रेम-फ्रेमनं सरकवून. आपल्याकडे फाळके म्हटलं की हरिश्चंद्रावरच गाडी थांबते, या काड्यांबद्दल कुणी बोलत नाही, मला त्याचं वाईट वाटतं.

तर सांध. 1993 च्या 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'मध्ये नायक जॅकची जवळजवळ 400 डोकी होती, भाव बदलला की अख्खं डोकं बदलायचं. (हा पिक्चर टिम बर्टननं दिग्दर्शित केला असं लोक अजून म्हणतात, कल्पना आणि पात्रं बर्टनची, दिग्दर्शन हेन्री सेलिकचं, आणि हे मी दरवेळी सांगणार.) पुढे त्याच सेलिकनं लायका स्टुडिओत 'कॉरलाइन' केला तेव्हा चेहरे थ्रीडी प्रिंटरवर काढले आणि आडवे दोन भाग केले, वरचा कपाळ-भुवयांचा, खालचा तोंडाचा. कुठलीही भुवई कुठल्याही ओठांबरोबर लावायची, मग एकट्या कॉरलाइनचे 2 लाखांहून जास्त भाव तयार होऊ शकतात. पण दोन तुकडे जोडले की मध्ये रेघ येणारच, डोळ्यांच्या लेव्हलला, या कानापासून त्या कानापर्यंत. ती रेघ नंतर कॉम्प्युटरवर पुसली, प्रत्येक फ्रेममधून.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रागच आला होता, खरं सांगते. एवढं हातानं करायचं आणि मग हात दिसू नये म्हणून परत खपायचं! कारण मी वाढले आर्डमनवर. वॉलेसचा कुत्रा ग्रॉमिट, त्याला तोंडच नाही, सगळा अभिनय त्या कपाळाच्या मातीच्या वळीत, आणि त्या वळीवर अंगठ्याचे ठसे दिसतात, शॉट बदलला की ठसे पण बदलतात. ते तसेच ठेवलेत. त्यांच्याच 2005 च्या 'कर्स ऑफ द वेअर-रॅबिट'ला ऑस्कर मिळालं तेव्हा ते ठसे पण ऑस्करला गेले असं मी मानते. अर्थात आर्डमनवालेही लपवतात, 'चिकन रन'मधल्या कोंबड्यांच्या गळ्यात स्कार्फ आणि माळा बघा, डोकं प्लॅस्टिसिनचं आणि अंग सिलिकॉनचं, तो जोड त्याखाली झाकलाय. पण रेघ पुसणं वेगळं आणि तिला स्कार्फ बांधणं वेगळं, स्कार्फनं कोंबडीला स्वभाव मिळतो.

'मिस्टर फॉक्स'ची गंमत केसांत आहे. बाहुलीला हात लावला की फर विस्कटते, म्हणून शॉटभर ती सळसळत राहते, 1933 च्या 'किंग काँग'मध्येही हेच झालं होतं. दिग्दर्शक वेस अँडरसनला ती सळसळच हवी होती. वारा नसताना केस हलतात, अ‍ॅनिमेटरची बोटं आत्ता इथे होती हे त्यातून कळतं, आणि ज्यांना हा पिक्चर आवडत नाही त्यांना नेमकं तेच खुपतं.

यातला सगळ्यात धीट पिक्चर माझ्या मते 'अनोमलिसा', 2015 चा, चार्ली कॉफमन आणि ड्यूक जॉन्सनचा. त्यात चेहऱ्यावरची रेघ पुसलेलीच नाही. गोष्ट अशा माणसाची की ज्याला जगातली सगळी माणसं एकाच चेहऱ्याची, एकाच आवाजाची वाटतात, तो हॉटेलात आरशासमोर उभा राहतो आणि स्वतःच्या चेहऱ्याच्या सांधीला हात घालतो. मी तो सीन बघताना सीटवर पुढे सरकले होते. बाहुलीला आपण बाहुली आहोत याचा संशय येतोय! हे ना हातानं काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये जमेल ना कॉम्प्युटरच्या, कारण तिथे चेहऱ्याला सांधच नसते. आणि खुद्द सेलिकनं 2022 च्या 'वेंडेल अँड वाइल्ड'मध्ये चेहऱ्यांवरच्या रेघा तशाच ठेवल्या. त्याच वर्षीच्या गिलेर्मो देल तोरोच्या 'पिनोकिओ'मध्ये म्हातारा सुतार जेपेटो दारूच्या नशेत, मुलगा गेल्याच्या दुःखात तो लाकडाचा पोरगा कोरतो, म्हणून त्याला कान एकच, पाठीत खिळे तसेच, आणि शेवटपर्यंत तो अर्धवटच राहतो. ते बघून मला रडू आलं होतं.

तर असा माझा पक्का हिशोब होता, रेघ दिसली पाहिजे, पुसणारे चुकले. पण मघाशी बाहेर एक मुलगी 'कॉरलाइन'च्या बाजूनं इतकं तळमळून बोलत होती की मी इथे येईपर्यंत तोच विचार करत होते. ती म्हणाली, अहो, त्या पिक्चरमध्ये भीती कशाची आहे? शिवण्याची. कॉरलाइनला भेटलेली ती दुसरी, खोटी आई म्हणते डोळ्यांच्या जागी बटणं शिवू दे, सुरुवातीलाच सुयांसारखी बोटं एका बाहुलीची शिवण उसवतात, आतला भुसा काढतात, परत भरून शिवतात. आता कॉरलाइनच्याच चेहऱ्यावर कानापासून कानापर्यंत जोड दिसला असता तर बटणांची भीती वाटली असती का, ती आधीच कुणीतरी जोडलेली बाहुली वाटली असती.

बरोबर आहे तिचं. मला हे कधी सुचलं नव्हतं. त्या पोरीचा चेहरा अखंड दिसलाच पाहिजे, तो वाचवण्यासाठीच तर सगळी धडपड आहे. आणि हात दिसत नाही असंही नाही, तो दुसरीकडे गेलाय, तिच्या अंगातल्या चांदण्यांच्या स्वेटरमध्ये, तो तारेएवढ्या बारीक सुयांवर खरोखरचा विणलेला आहे. तो आपण आता मोठ्या पडद्यावर बघू या, टाके मोजता येतात.