पेशी मधोमध का अडकल्या? आयनिक लिक्विड आणि जिवंत पेशींचं रसायन

नमस्कार मंडळी!

(नळी कॅमेऱ्यासमोर धरून) ही नळी आत्ताच सेंट्रिफ्यूजमधून काढली आहे. वर पाणी, तळाशी काचेसारखा स्वच्छ द्रव आणि जिवाणूंच्या पेशींचा थर दोघांच्या मधोमध. टोल्यूईन, म्हणजे नेहमीचा पाण्याहून हलका सेंद्रिय द्रावक, वापरलं असतं तर ते वर आलं असतं आणि पेशी तळाला बसल्या असत्या. इथे तळाला आयनिक लिक्विड आहे, घनता १.४४ (पाण्याची १). पेशींची १.१च्या आसपास. नवखा माणूस तळाशी पेशी शोधतो आणि मधला थर पिपेटने ओढून फेकून देतो, म्हणून हे आधीच दाखवलं.

आयनिक लिक्विड म्हणजे द्रव अवस्थेतलं मीठ. खायचं मीठ वितळायला ८०१ अंश लागतात. हे मात्र खोलीच्या तापमानालाच पातळ असतं, कारण याचे आयन मोठे आणि बेढब. एकमेकांशेजारी नीट रचले जात नाहीत, म्हणून स्फटिक जमत नाही. आपलं आहे ब्यूटाइल-मिथाइल-इमिडॅझोलियम बिस्ट्रायफ्लिमाइड.

२००० साली लंडन आणि बेलफास्टच्या संशोधकांनी ऱ्होडोकॉकस या जिवाणूच्या अख्ख्या पेशी वापरून नायट्राइल गटातल्या एका संयुगाचं अमाइड केलं, आणि टोल्यूईनच्या जागी आयनिक लिक्विड घातलं. त्यांचं होतं हेक्साफ्लुओरोफॉस्फेट. ते आज घेऊ नका. पाणी, आम्ल आणि उष्णता एकत्र आली की त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल सुटतं, आणि ते काचही खातं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला ४-क्लोरोअ‍ॅसिटोफिनोन या कीटोनपासून एकाच हाताचं अल्कोहोल हवंय, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारख्या त्याच्या दोन रूपांपैकी फक्त आर रूपाचं. काम करणार लॅक्टोबॅसिलस केफिर हा जिवाणू. शुद्ध एन्झाइम घेतलं तर एनएडीपीएच, म्हणजे एन्झाइमला हायड्रोजन पुरवणारा महागडा मदतनीस रेणू, पुन्हापुन्हा ताजं करायची सोय वेगळी लावावी लागते. जिवंत पेशी ते ग्लुकोजवर स्वतःच करते. अडचण अशी की हे कीटोन पेशीपटलात घुसून पेशीच मारतं. आयनिक लिक्विड इथे कोठाराचं काम करतं: कीटोन पोटात ठेवून पाण्यात थोडंथोडं सोडतं आणि तयार झालेलं अल्कोहोल परत आत ओढतं. कोठार टोल्यूईनचंही होतं, पण टोल्यूईन स्वतःच पेशीपटल फोडतं, शिवाय ४ अंशांनाच त्याची वाफ पेट घेऊ शकते. बडोद्याचा उन्हाळा आठवा!

सुरुवातीला एवढं घ्या. ५० मिलीच्या बाटलीत ८ मिली फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), २०० मिलीमोलर, पीएच ६.५. त्यात १ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, कारण हे एन्झाइम मॅग्नेशियमशिवाय ढिलं पडतं. म्हणूनच मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए अजिबात नको. ओल्या पेशी १.६ ग्रॅम, ग्लुकोज २०० मिलिग्रॅम. आयनिक लिक्विड २ मिली, पण पिपेटवर विसंबू नका. ते पाण्याच्या जवळजवळ पन्नासपट घट्ट आहे, टिपात चिकटून राहतं. तराजूवर २.९ ग्रॅम तोला. त्यात ९३ मिलिग्रॅम कीटोन आधीच विरघळवून ठेवा. ३० अंश, मध्यम ढवळणी.

झाकण घट्ट लावू नका. हा जिवाणू ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्लासोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतो, बाटलीत दाब चढतो. आम्लामुळे पीएच घसरतो आणि काम मंदावतं. दर तासाला पीएच बघा, सोडियम हायड्रॉक्साइडने वर आणा.

ढवळणी जोरात केली की दुधासारखं इमल्शन होतं आणि पेशी सीमेवर बसून ते आणखी पक्कं करतात. ते नुसतं ठेवून फुटत नाही, सेंट्रिफ्यूजच लागतो. पेशी कारणाशिवाय मरत असतील तर संशय आयनिक लिक्विडच्या शुद्धतेवर घ्या. ते पाण्यासोबत हलवून धुवा आणि त्या धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरं गढूळ झालं तर क्लोराइड उरलंय, अजून धुवा. आणि ब्यूटाइलऐवजी ऑक्टाइल साखळीचं घ्यायचा मोह टाळा. साखळी लांबली की विषारीपणा वाढतो.

नमुना थेट जीसीत, म्हणजे वाफ करून घटक मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, कधीच टाकू नका. आयनिक लिक्विड उडत नाही, इंजेक्टरमध्येच साचतं. हेक्झेनने अल्कोहोल ओढून घ्या आणि तो हेक्झेन जीसीत सोडा.

आता ‘हरित’ या शब्दाचा हिशेब. वाफ होत नाही, हे खरं. पण लिटरभर पाण्यात हे सुमारे ७ ग्रॅम विरघळतं. टोल्यूईन जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे आपल्या ८ मिली पाण्यासोबत दर बॅचला ५६ मिलिग्रॅम, जवळपास २ टक्के, निघून जातं. दहा बॅचनंतर सुमारे १९ टक्के गेलेलं असतं. हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये ८०० लिटर पाणी धरलं तर एका बॅचला साडेपाच किलोंच्या वर! आणि त्यातले कार्बन-फ्लुओरिन बंध जिवाणूंना सहज तुटत नाहीत. आपल्या इथलं कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून पन्नासाहून जास्त किलोमीटरच्या कालव्यातून मही नदीच्या मुखाकडे जातं. त्यात असलं मीठ मिसळून चालणार नाही.

म्हणून ग्लुकोजऐवजी आयसोप्रोपॅनॉलवर एनएडीपीएच ताजं करून बघा. आम्ल होत नाही, फक्त अ‍ॅसिटोन होतं. ते हवा फुंकून काढलं की आयनिक लिक्विडने आधीच संपृक्त झालेलं तेच पाणी पुढच्या बॅचला चालतं. शेवटी उरणारं पाणी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनवरून सोडा आणि तो कार्बन घातक कचऱ्याच्या पिशवीत भरा, मोरीत झटकू नका.